भाभीचं एक खोटं

"खोटं नाही बोलत हां, हा नळ गळणार." गिऱ्हाइकानं पाकीट बाहेर काढलं की नेमकं तेव्हाच भाभीला हे सांगायची हुक्की यायची.

वाशीत आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. तिच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं, माझं वह्या-पेनांचं. माझं एकेक पेन नातवंडांच्या लग्नपत्रिका लिहूनच रिटायर होतं, असं मी तोंड वर करून सांगायचे. आणि ही अठ्ठावीस वर्षांची बोहरी पोरगी, बुरख्यासारखा फुलाफुलांचा रिदा सावरत, पलीकडून ओरडायची, "महिनाभर चालेल, काका!" असा संताप यायचा! दुपारी तिनं डब्यातला मलिदा पुढे केला की विरघळायचा. तिला कोर्टात बसवली असती, तर सगळ्या ठाणे जिल्ह्यातल्या वकिलांनी भाजीच्या गाड्या लावल्या असत्या.

एका दुपारी ती माझ्या स्टुलावर येऊन बसली. "ताई, खोटं कसं बोलतात?"

"का गं, शिकवणी लावतेस?"

ती हसली नाही. लेक सात वर्षांची झाली होती आणि सासू तिला खतन्यासाठी मुंबईला नेणार होती. मला तो शब्दही ठाऊक नव्हता. तिनं खाली बघत सांगितलं. त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत चालतं. एक म्हातारी बाई, एक ब्लेड, पोरीची नाजूक जागा.

"मला राणीच्या बागेत नेते सांगून नेलेलं. आईनंच. आईवर राग नाही हां. पण असं खोटं?" मग म्हणाली, "नणंद माझ्याच वयाची. ती बोलते, आपलं केलं, आपण मेलो काय? मैत्रीण बोलते, नको वाटतं, पण बोलायचं कुणी?"

माझी थापाडी जीभ जन्मात पहिल्यांदा कामाला आली. "नंतर कुणी बघतं? विचारतं?"

"छे! ह्याच्यावर घरात कुणी तोंड उघडत नाही."

"मग मीच नेते म्हण. आल्यावर 'झालं' म्हण आणि गप्प बस. खोटं बोलणारे पुढचं बोलून पकडले जातात."

त्या गुरुवारी मायलेकी दिवसभर माझ्या घरी होत्या. पोरीनं पलंगावर इतक्या उड्या मारल्या की खालच्या मजल्यावरचे भूकंप समजून बाहेर धावले. संध्याकाळी रिक्षात बसताना भाभीनं विचारलं, "तोंडातून निघेल ना, ताई?"

निघालं. सासूनं दारातच विचारलं, "झालं?" ही म्हणाली, "झालं." सासूनं पोरीला उचलून घेतलं आणि दोन दिवस खाली पाय ठेवू दिला नाही.

वर्षभरात दुकान विकून ते सगळे गुजरातेत गेले. नंतर काही कळलं नाही. मला दिसते ती त्या गुरुवारनंतरच्या तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ.

सासू नातीला घेऊन दुकानात आली होती. बाहेर फुगेवाला दिसला आणि पोरीनं चार पायऱ्यांवरून थेट फुटपाथवर उडी ठोकली. भाभी पांढरी पडली. म्हातारीनं आधी नातीकडे बघितलं, मग सुनेकडे. किती वेळ, ते मी वाढवूनही सांगू शकत नाही.

मग ती सावकाश पायऱ्या उतरली, पोरीचा फ्रॉक झटकला आणि त्यांच्या गुजरातीत हळूच म्हणाली, "लोक बघतात, बेटा. अजून आठ दिवस उड्या नको मारूस."