मेट्रनबाई कुठल्या?

इंग्रजांनी एकेक शब्द असा करून ठेवलाय की त्यात चार बिऱ्हाडं सुखाने राहावीत. आता मेट्रनच घ्या. इस्पितळात नर्सांवर हुकूम चालवणारी ती मेट्रन. वसतिगृहातल्या पोरींवर डोळे वटारणारी तीही मेट्रन. चांगल्या घरची, अंगाने भरलेली, पोराबाळांची सवाष्ण, तिलासुद्धा साहेब मेट्रनच म्हणतो. आणि पोलिसांच्या कोठडीत बायकांची झडती घेऊन त्यांना कुलपात घालते, तीही मेट्रन. लालबाग-परळला मात्र एकच अर्थ ठाऊक. हाकेच्या अंतरावर इतकी इस्पितळं असताना दुसरा अर्थ सुचणार तरी कुणाला?

शेवंती परबने हा घोळ मुद्दाम घातला नव्हता, एवढं तिच्या बाजूने बोलायला हवं. त्याहून जास्त मी बोलणार नाही. तिचा नवरा गंगाधर गिरणीत होता, तो काविळीने गेला. मूलबाळ नाही. एका ओळखीच्या हवालदाराने साहेबाच्या कानावर घातलं आणि तिला लॉकअपात मेट्रनची नोकरी लागली. शेजारच्या कांताने विचारलं, "काय म्हणून लागलीस गो?" ती म्हणाली, "मेट्रन म्हणून." झालं. संध्याकाळच्या आत कांताने चाळभर करून टाकलं की आपली शेवंती इस्पितळात मेट्रन झाली. ना शिक्षण, ना परीक्षा, ही बाई एकदम मेट्रन कशी झाली, हे विचारण्याची अक्कल त्या चाळीत एकालाही नव्हती.

शेवंती खरं सांगायला गेली होती. पण कालपर्यंत "अगं शेवंते" म्हणणारी कांता एकदम "अहो मेट्रनबाई" म्हणाली आणि हिने ते तसंच चालू दिलं. विधवा बाई समोर आली की पाऊल अडखळणाऱ्या बायका आता तिला वाट करून देऊ लागल्या. कुणाचं पोर तापलं की तिच्या दारात. ती कपाळावर हात ठेवायची, डोळे किंचित मिटायची आणि म्हणायची, "डॉक्टरला दाखवा." बस. दुसरं तिला काही येत नव्हतंच. चाळीला वाटायचं, काय निदान केलं बाईने. डॉक्टरने बरं केलं तरी नाव हिचंच व्हायचं.

मग छप्पन्न साल उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणे. आम्ही गिरण्यांत फुप्फुसं कापसाने भरून घ्यायची, आणि शहर कुणाचं ते दिल्लीत बसून ठरवणार. जानेवारीत गोळीबार झाला. समोरच्या चाळीतला शिवा कामावरून घरी येत होता, त्याला गोळी लागली. त्याची आई रमाबाई त्या दिवसापासून नळावर येऊन नुसती उभी राहायची, हंडा भरून वाहायला लागला तरी तिला समजायचं नाही. त्या नळावर पोलिसांचा जो उद्धार व्हायचा तो इथे लिहिण्यासारखा नाही. मागच्या गल्लीत एका शिपायाचं बिऱ्हाड होतं, त्याच्या बायकोला पाणी भरू देईनात. शेवटी ते लोक जागा सोडून गेले.

हे सगळं शेवंती रोज बघत होती. आपली नोकरी कुठली हे कळलं तर आपलंही हेच होणार, हे तिला लख्ख कळत होतं. दुसरं घर नाही, माहेर उरलेलं नाही. म्हणून तिने काय करावं? तीही नळावर पोलिसांना शिव्या घालू लागली, आणि इतरांपेक्षा वरच्या पट्टीत. रमाबाईच्या खांद्यावर हात ठेवून, "मेल्यांचं वाटोळं होईल" म्हणायची आणि घरी जाऊन पांढरं पातळ नेसून ड्यूटीवर जायची. हे मात्र मला आजही पचत नाही.

पुढे बायकांनी सत्याग्रहाला जायचं ठरवलं. कांता पुढे, आणि तिच्या मागे तिची सून नलू, पाचव्या महिन्यातली. धरलेल्या बायका आपल्याच कोठडीत येणार हे शेवंतीने ओळखलं. ती कांताला म्हणाली, "नलूने जायचं नाही. तुम्हीही तिच्याजवळ घरी थांबा."

"हे मेट्रन म्हणून सांगताय?" कांताने विचारलं.

"मेट्रन म्हणूनच सांगतेय."

सासूने मान डोलावली. पण नलू ऐकणारी नव्हती, ती ऐन वेळी मोर्चात घुसली आणि सासू तिच्या मागोमाग.

दुपारी पोलिसांची गाडी आली. घोषणा देत बायका उतरल्या, आणि कोठडीच्या दारात शेवंती उभी, पांढऱ्या पातळात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घोषणा एकदम थांबल्या. कांताने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हेच होय तुमचं इस्पितळ?"

 शेवंतीने एकेकीची झडती घेतली. कांताची पाळी आली तेव्हा कांताने दोन्ही हात वर केले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "लवकर आटप," ती म्हणाली. मेट्रनबाई आणि अहोजाहो तिथेच संपलं.

घटकाभराने आतून आरडाओरडा झाला. नलूच्या पोटात कळा येत होत्या, ती भिंतीला टेकून घामाघूम झाली होती. शेवंती गजाआड गेली. सवयीने तिने नलूच्या कपाळावर हात ठेवला, आणि सवयीनेच तोंडून गेलं, "डॉक्टरला दाखवायला हवं."

"मग दाखव की," कांता म्हणाली. "आजवर आम्ही नेत होतो. आज किल्ली तुझ्या कमरेला आहे."

शेवंती बाहेर हवालदाराकडे धावली. तो म्हणाला, साहेब जेवायला गेलेत, ते आल्याशिवाय कैदी हलवता येणार नाही. ती परत आली, तिने कुलूप काढलं आणि नलूला धरून बाहेर आणलं. "नोकरी जाईल तुझी, बाई," हवालदार ओरडला. तिला ते कळत होतं. रस्त्यावर टॅक्सी थांबवून तिने नलूला आत बसवलं.

परळच्या इस्पितळात ती त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा शिरली. नलूला झोपवल्यावर नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

नलू बिचारी अर्धवट शुद्धीत. ती म्हणाली, "या आमच्या मेट्रनबाई."

नर्सने वर पाहिलं. "मेट्रनबाई? कुठल्या?"

शेवंतीला खोटं बोलता आलं असतं, सरावच होता. ती म्हणाली, "कोठडीच्या."

नलूचा गर्भ वाचला. शेवंतीची नोकरी गेली. कांता आणि बाकीच्या सुटून आल्या, चाळीच्या तोंडाशी त्यांना ओवाळलं. ते ताट घेऊनच कांता शेवंतीच्या दारात आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"शेवंते, नलूचं पोट वाचवलंस ते मी विसरायची नाही. पण रमाबाईच्या खांद्यावर हात ठेवून शिव्या देत होतीस, तेही विसरायची नाही."

त्यानंतर तिच्याशी कुणी बोललं नाही. नळावर ती आली की बायका हंडे बाजूला ओढून घेत. ती पापड लाटून दादरच्या एका दुकानात देऊ लागली. चाळीत कुणी तिचा पापड तळला नाही. पोरंसुद्धा चोर-पोलीस खेळताना ज्याला पकडायचं काम द्यायची त्याला मेट्रन म्हणू लागली, आणि ती हे दारात बसून ऐकायची.

नलूला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं शेवंतीला आलं नाही, ती गॅलरीत कठड्याला धरून पाळण्याची गाणी ऐकत राहिली. पुढे एका दुपारी ते पोर तापाने फणफणलं. नलूने त्याला उचललं आणि सरळ शेवंतीच्या दारात नेलं. मागून कांता ओरडली, "तिच्याकडे कशाला नेतेस? ती काय मेट्रन आहे?"

नलू वळली. "आता नाही ना. म्हणून तर आणलंय."

 शेवंतीने पदराला हात पुसले, पोरीच्या कपाळावर हात ठेवला. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

"डॉक्टरला दाखवायला हवं," ती म्हणाली. "चल, मी येते."