थांबलेला टँकर

पुंडलिकनगरात पाण्याचा टँकर आला की तो आपल्याच दारात थांबावा म्हणून आम्ही ड्रम घेऊन त्याच्या पुढ्यात उभे राहतो. त्या सकाळी टँकर अर्धाच भरलेला होता. ब्रेक लागला, टँकर थांबला. तेवढ्यात आतलं पाणी पुढच्या पत्र्यावर आदळलं आणि थांबलेला टँकर हातभर माझ्या अंगावर आला. ड्रम चेपला, मी कसाबसा बाजूला झालो.

आणि हे जडत्व, म्हणजे चाललेलं चालतच राहू पाहतं ते, कॉलेजात शिकवतो कोण, तर मीच! वस्तूंना हे जडत्व दूरदूरच्या ताऱ्यांकडून, गुरुत्वीय लहरींतून मिळत असावं, हा सिद्ध न झालेला अंदाज मी वर्गात लई मजेत सांगायचो. आता तो भाग मी भरभर उरकतो. टँकरमधली लाट मला समोर उभं राहून कळली नाय. आणि ही दुसरी, ताऱ्यांकडची, तर म्हणे आत्ताही माझ्या आरपार चाललीय.