गुळाच्या काट्यावर आई

राजारामपुरीतल्या दवाखान्याचा वजनकाटा दीडशे किलोपर्यंतच होता. आई त्यावर उभी राहिली, आकडे भराभर फिरले आणि शेवटी नुसत्या रेघा आल्या. नर्सनं तिला उतरवून पुन्हा चढवलं. पुन्हा रेघा. बाकड्यावरचे पेशंट माना वळवून बघायला लागले, तशी आई उतरली आणि चपला शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "अंदाजावर मी भूल देत नाही. संध्याकाळपर्यंत नक्की वजन आणा, नाहीतर पुढची तारीख घ्या." पुढची तारीख म्हणजे तोवर भिंत धरून कळा सोसणं.

मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्यांकडे गुळाचा मोठा काटा होता. मी फोन लावला. "तीननंतर आणा वैनींना," ते म्हणाले. "तवर माणसं पांगत्यात. मी सोता बघतो."

आई तयार झाली, पण अट घालून. "येतो मी. पण आकडा तुला नि डॉक्टरला. तिसऱ्या कुणाच्या कानावर जायचा न्हाय." मी हो हो म्हटलं.

तेव्हा दीड वाजला होता. मला धीर म्हणून नाहीच. थांबायचं म्हटलं की जीव नुसता वरखाली होतो. दीड तास काय करायचं, म्हणून गाडी थेट यार्डात घातली. अडते घरी जेवायला गेले होते. काट्यावर गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, चढत होते, उतरत होते. तोलाईदाराला म्हटलं, "मामा, आईचं वजन करायचंय, ऑपरेशनसाठी. जरा लवकर." एवढंच म्हटलं. अट सांगायची राहून गेली.

त्यानं रवे बाजूला सारले, हात देऊन आईला चढवलं. "बिनघोर उभ्या ऱ्हावा, मावशी." पण तोलाईदार वजन कधी हळू सांगत नाही. दिवाणजी आत बसून लिहितो, मालवाला बाहेर उभा असतो. दोघांनाही एकदम ऐकू गेलं पाहिजे, तरच ते वजन खरं. त्यानं काट्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखा हेल काढून ओरडला, "एकशे बासष्ट!" आतून दिवाणजीनं तसंच उलट म्हटलं, "एकशे बासष्ट!"

कुणी हसलं नाही. हे मी अजूनही स्वतःला सांगते. हमाल आपल्या कामाला लागले. आई पदर दोन्ही हातांनी ओढून काट्यावर उभी होती, आणि मी तिला उतरवायचं सोडून चिठ्ठी घ्यायला आत पळाले.

गाडीत मी बडबडत राहिले. त्यांची सवयच असते, मुद्दाम नाही केलं त्यानं, काम तर झालं ना.

आई म्हणाली, "त्याला तू सांगितलंतंस?"

मी पुढच्या रिक्षाला हॉर्न दिला.

ऑपरेशन नीट झालं. टाके काढायच्या दिवशी मी सकाळीच गाडी दारात लावली. आई शेजारच्या काकूंबरोबर खाली आली. "तू कशाला खोळंबतीस," म्हणाली, "आमी रिक्षानं जातो." आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला फार लागलं.

आता तपासणीला त्या दोघीच जातात. दवाखान्यात मोठा काटा आलाय, असं कळलं. परवा काकूंना जिन्यात गाठून विचारलं, आईचं वजन किती भरलं?

"तुझ्या आईलाच इचार की," काकू म्हणाल्या.

मी अजून विचारलेलं नाही.