काऊनसर

आमच्या सरांनी तपासलेल्या पेपरवर बरोबर-चूक अशा खुणा नसत. समासात लाल शाईनं ठिकठिकाणी एकच शब्द असे : 'काऊन?' गाईडातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं की त्यापुढं तर हमखास. ऐंशीच्या दशकात ते चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. मूळचे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले, त्यामुळं साधं 'का' त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही. आम्ही त्यांचं नाव काऊनसर ठेवलं.

चाचणीचे पेपर वाटताना ते मार्क सांगत नसत. म्हणायचे, "मार्क घरी दाखवायले असतात. हे लाल लिहिलेलं तुमच्यासाठी आहे. वाचा, पुन्हा लिहून आणा, मंग मार्क घ्या." आम्ही वैतागायचो. बाकीचे प्राध्यापक पेपर परतसुद्धा करत नसत आणि या माणसाला एकच उत्तर दोनदा पाहिजे!

सगळ्यात जास्त चिडली ती होस्टेलवरची माझी मैत्रीण पद्मा. ती सिरोंच्याची, घरी तेलुगू बोलणारी. मराठीची धास्ती, म्हणून पानंच्या पानं पाठ करायची. 'इंग्रजांनी वनांचे रक्षण केले' या तिच्या वाक्यापुढं सरांनी लिहिलं, 'काऊन? कोणापासून?' ती तडक त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मी सोबत होते.

"सर, चूक असन तर काट मारा. हे काय विचारता?"

"चूक का बरोबर, तूच सांग. गावावरून येताना आलापल्लीले सागवानाचे ट्रक दिसतात ना? तसं लाकूड इंग्रजांले कायले पाहिजे होतं?"

"रेल्वेसाठी..."

"मंग तसं लिही ना! मोडकंतोडकं लिही, पण तुह्यं लिही."

तिनं लिहिलं. सरांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा लिहिलं. शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत तिला सवयच लागली; पेपर देण्याआधी ती स्वतःच वाचून बघायची, अडखळली तिथं खोडायची आणि सरांच्या आधी आपली चूक पकडल्यावर खुदकन हसायची.

विद्यापीठाच्या परीक्षेत तिनं वनधोरणाचं उत्तर आपल्या शब्दांत लिहिलं. गाईड उतरवणारे आम्ही सगळे पास झालो. पद्मा त्याच पेपरात नापास.

सर तिला घेऊन विद्यापीठात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "मार्कांची बेरीज पुन्हा करून मिळेल. पेपर दाखवता येत नाही."

"बेरीज कोणाले पाहिजे?" सर ओरडले. "पोरगी चुकली कुठी, ते सांगा! नाई तर ती सुधरन कशी?"

खिडकी बंद झाली. कॉलेजची बदनामी केली, असं प्राचार्यांनी ठरवलं. सरांची नेमणूक तात्पुरती होती. पुढच्या सत्रात त्यांना घेतलंच नाही. आम्हाला तीन वर्षं शिकवून एकही पेपर परत न देणारे प्राध्यापक मात्र पुढं सन्मानानं निवृत्त झाले. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

सर गाव सोडून निघाले त्या दिवशी आम्ही दोघी एसटी स्टँडवर गेलो. पद्मानं विचारलं, "सर, आता काय लिहू?"

ते खाली बघत म्हणाले, "गाईडातलं लिही. पास हो."

त्यांचा इतका पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पद्मानं गाईड घोकलं, उतरवलं आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. पहिल्या वेळी तिचं काय चुकलं होतं, ते तिला आजवर कोणीही सांगितलेलं नाही.