व्हॉमिट आणि ॲडमिट

आमच्या शेजारच्या सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स. चाळिशीला टेकल्यावर त्यांनी परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरवलं. ड्युटी उतरली की त्या बोलणं शिकायला माझ्याकडं येऊ लागल्या. मी येडशीजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते.

पहिल्याच दिवशी मी नियम लिहून दिला: उच्चाराचे दोन तुकडे पडणारं क्रियापद असलं, की बोलताना जोर दुसऱ्या तुकड्यावर. रिलॅक्स, रिपीट, ॲडमिट. जोर आला की मी टेबलावर बोट आपटायची, मग त्याही आपटायच्या.

चौथ्या दिवशी त्यांनी वॉर्डात लागणारे शब्द लिहून आणले. स्वॅलो, सफर, कव्हर, ओपन, लिसन, व्हॉमिट. मी एकेक म्हणून पाहिला. सगळ्यांचा जोर पहिल्या तुकड्यावर! त्यांच्या यादीतला एकही शब्द माझ्या नियमात बसेना.

"शेवटचा तुकडा आखूड, हलका असला, की जोर पहिल्यावर जातो," मी सावरून घेतलं.

"मग व्हॉमिटमधलं मिट हलकं अन् ॲडमिटमधलं जड, असं कसं ओ मॅडम?"

मी पुस्तक उघडलं. ॲडमिटमधलं 'ॲड' हा मूळ शब्दाआधी जोडलेला उपसर्ग आहे, म्हणून तो जोर घेत नाही, असं काहीतरी होतं.

"बोलता बोलता ते कसं वळखायचं?"

"पाठच करायचं."

"किती शब्द?"

मला तरी हे शब्द कुणी म्हणून दाखवले होते? आमचे सर मराठीसारखंच सपाट इंग्रजी बोलायचे. नियम मी नोकरी लागल्यावर पुस्तकातून उचललेला.

आधी सिस्टर चुकतमाकत का होईना, धडाधड बोलायच्या. आता प्रत्येक क्रियापदापाशी अडायच्या, बोट उचलून माझ्या तोंडाकडं बघायच्या.

"नियम विसरा आता," मी म्हणाले.

"आता कसा विसरू? डोक्यात बसला की."

पुण्याला जाऊन त्या परीक्षा देऊन आल्या. बोलण्यातच कमी पडल्या. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "कुठला शब्द चुकला असंल?"

निकालात नुसते गुण होते. मी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"न्हाय सांगता येत, सिस्टर."

त्यांनी मोबाईल पर्समध्ये टाकला. "परत बसते मी. तुमी शिकवाल न्हवं?"

मी हो म्हणाले. काय शिकवायचं, ते मात्र मला कळत नव्हतं.