तिसरा अल्टरनेटर

"आता हा तिसरा! लग्नसराई माही बुडाली तं भरून कोण देईन, मिस्त्री?"

वामनराव ओसरीवर येरझारा घालत होते. मी त्यांच्या अंगणात डिझेल जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो. दुपारी हीच जीप नवरदेवाला घेऊन नदीपलीकडे मार्कंड्याच्या बाजूला निघायची होती आणि तिची बॅटरी चार्ज होत नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोंडपिपरीत माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. बल्लारपूरला ट्रकखाली झोपून काम शिकलो, दुकान स्वतःच्या जोरावर टाकलं. त्या काळी जुन्या जीपला डायनॅमो असायचा. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो, करंट तयार करतो आणि बॅटरी भरतो. अल्टरनेटर तेच काम करतो, पण इंजिन हळू चालत असलं तरी करंट भरपूर देतो. वामनरावांच्या जीपचा डायनॅमो काढून अल्टरनेटर मीच बसवला. तो लवकरच गेला. दुसरा मी पदरचा दिला. तोही गेला.

मग बाजाराच्या दिवशी वामनराव चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर बोलले की मी जुना माल रंग मारून विकतो. माझी ठरलेली गिऱ्हाइकं चंद्रपूरला जायला लागली. भावात मी कुणाला सोडत नाही, हे खरं. पण खोटा माल मी कधी विकला नाही. त्या दिवसापासून डोकं तापलेलंच होतं.

"तिसरा आनला हाये," मी म्हणालो. "पन पयले दोन काऊन मेले, हे पाह्यल्याबिगर बसवनार नाई."

"पाह्य. पन लवकर पाह्य!"

आधी पट्टा अंगठ्याने दाबला. ढिला नव्हता. सोमा ड्रायव्हरला इंजिन चालू करायला लावलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझायला हवा होता, तो जळतच राहिला. बॅटरीला मीटर लावला. इंजिन चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास जायला पाहिजे. तो बारावरून हलेना. वायर तपासल्या, धड होत्या. इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली आणि अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला पाना धरला. चुंबकाने ओढावा तसा ओढला गेला. म्हणजे आत करंट पोचत होता, बाहेर मात्र काही येत नव्हतं.

अल्टरनेटर काढून पोत्यावर खोलला. त्यात डायोड असतात. करंटला एकाच बाजूने जाऊ देणारी ही दारं समजा. बल्ब लावून तपासलं. एका बाजूने पेटला. वायर उलट केल्या, तरी पेटला. दारं जळून उघडीच पडली होती.

"दिसलं? माल कच्चा!" वामनराव ओरडले.

"डायोड आपोआप नाई जळत, भाऊ. चालत्या इंजिनवर बॅटरी सुटली तं जळतात."

मी बॅटरीकडे वळलो. टर्मिनलच्या क्लॅम्पला नट नव्हता, तार पिळून बांधलेली होती. क्लॅम्प आतून घासून चकचकीत झाला होता. रोज काढल्याशिवाय तो असा होत नाही. मग माझं लक्ष सोमाच्या सदऱ्याकडे गेलं. उजव्या खांद्यावर भोकंच भोकं. उंदरांनी कुरतडल्यासारखी नव्हती. ॲसिडची होती.

"सोमा, खांद्यावर काय वाहून राह्यला रे?"

सोमाने मालकाकडे पाहिलं.

"बॅटरी जी. लग्नात भोंग्याले लागते ना. खेड्यात लाईट कुठी हाये?"

जीप आणि भोंगा, दोन्ही वामनराव भाड्याने देत. तोच त्यांचा धंदा.

"जीप बंद करून काढतो का चालू ठेवून?"

"चालूच जी. बंद केली तं बॅटरीबिगर सेल्फ कसा लागन? मले वऱ्हाडी आनाले जा लागते."

मला तिथेच पाना फेकून मारावासा वाटला. डायनॅमोच्या काळात अख्खा तालुका असंच करायचा. डिझेल इंजिन बॅटरीशिवाय चालतं, डायनॅमोही सहन करायचा. अल्टरनेटर नाही करत. तयार झालेला करंट जायला बॅटरीच नसते, व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जळतात.

"मले का मालूम?" वामनराव पुटपुटले.

"मालूम नोतं तं टपरीवर काऊन बोलले?"

बॅटरीची अर्थ वायर सोडून नवा अल्टरनेटर मी बोल्टांवर बसवला. पट्टा मात्र हातातच ठेवला. त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरतो. पट्ट्याशिवाय जीप नदीपर्यंतही पोचली नसती.

"पट्टा चढव ना! वऱ्हाड वाट पाहून राह्यलं!"

"पदरचा देल्ला तो दुसरा आन हा, दोन्हीचे पैसे घेईन. पन आधी सांगा, टपरीवर काय बोलान?"

"मिस्त्रीचा माल खरा हाये, असं बोलीन."

"कवा?"

"कवाबी."

"बाजाराच्या दिवशी. भरल्या टपरीत."

"हळू आवाजात बोललो तं चालन?"

"बदनामी हळू आवाजात केली होती का?"

आतून त्यांच्या घरच्या बाई ओरडल्या, "हो म्हना ना एकदाचं! नवरदेव पायी जाईन का?"

वामनरावांनी मान हलवली. मी पट्टा चढवला, ताण दिला, अर्थ वायर जोडली. सोमाने सेल्फ मारला. लाल दिवा विझला, काटा चौदावर गेला. भोंग्यासाठी वेगळी बॅटरीही मी त्यांना विकली, भावात पैसाही न सोडता.

बाजाराच्या दिवशी वामनराव टपरीवर आले. मोठ्या आवाजात म्हणाले, "मिस्त्रीचा माल खरा हाये. आमच्या सोमालेच अक्कल नाई."

सोमाने कप खाली ठेवला. "पन बॅटरी काढ म्हून तुमीच सांगतलं होतं ना जी, भाऊ?"

टपरी हसली. माझी भरपाई खरी तेव्हा झाली. गेलेली गिऱ्हाइकं मात्र सगळी परत आली नाहीत, आणि तो राग अजून गेलेला नाही.

तेव्हापासून अल्टरनेटर बसवला की बॅटरीच्या पेटीला मी कुलूप लावून देतो. गिऱ्हाईक विचारतं, "चोराच्या भेवानं का?"

मी म्हणतो, "नाई. लग्नाच्या."