मंजुळाबाईची धुक्यातली इर्जिक

निघोज्यात एके काळी अशी बोलवा होती, की मंजुळाबाईच्या हाकेला मेलेली माणसंसुद्धा ओ देतात. नुसती ओ देत नाहीत, तर बैल जुंपून कामाला येतात. ही बोलवा कुणी उठवली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंजुळाबाईचा चुलतदीर हिंदुराव. म्हातारा मारुतीच्या पारावर बसून सुपारी कातरायचा आणि जो येईल त्याला ती हकिगत ऐकवायचा. दर वेळी तिच्यातलं धुकं थोडं दाट व्हायचं आणि भुतांचा एखादा नांगर वाढायचा.

भुतांचं नंतर बघू. आधी जित्या मंजुळाबाईचं सांगायला हवं, कारण ती भुतापेक्षा भारी होती.

नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हापासून घर, शेत आणि गोठा तिच्याच शब्दावर चालायचा. तेवढ्यानं तिचं पोट भरेना म्हणून की काय, तिनं गावही अंगावर घेतलं. बाळंतीण अडली, बोलवा मंजुळाबाईला. लग्नघरी हंडे कमी पडले, आणा मंजुळाबाईचे. पटकीची साथ आली त्या साली विहिरीत औषध पडेपर्यंत ही बाई काठी घेऊन काठावर बसून राहिली आणि कुणाला पोहरा सोडू दिला नाही. शाळेला जागा नव्हती तेव्हा गोठ्याची एक बाजू झाडून दिली. तिचं खोंड बाराखडी ऐकत मोठं झालं. हिंदुरावाच्या मते ते मास्तरापेक्षा शांत होतं.

"वैनी," हिंदुराव तिला डिवचायचा, "एवढी गावाची चाकरी करता, पगार कोण देतं?"

"तुमचं तोंड बंद असलं म्हंजी गाव सुखानं झोपतं, भावजी. त्येवढं जमलं की पगार पोचला."

"पण माझं तोंड कवा बंद असतं?"

"म्हणून तर उपाशी हाय मी."

पण तिचं खरं नाव झालं ते इर्जिकीनं. ज्याच्याकडं बैल नाहीत, जो आजारी पडला, त्याच्या शेतात गावानं आपापले नांगर घेऊन जायचं, एका दिवसात रान उलटं करायचं आणि संध्याकाळी त्याच्या दारात जेवायचं, ही इर्जिक. जेवण ज्याचं शेत त्याचं, अशी रीत. पण मंजुळाबाईनं बोलावलेल्या इर्जिकीत पुष्कळदा जेवणही तिच्याच चुलीवरचं असायचं. ती बांधावर उभी राहून एकेका गड्याला नावानिशी हाक मारायची, आणि नदीकाठापासून टेकाडापर्यंत नांगरच नांगर दिसायचे. हिंदुराव डोळे मिटून तो देखावा आठवायचा तेव्हा त्याच्या हातातला अडकित्ता थांबायचा. बैलांच्या घंटा, ओल्या मातीचा वास, मागून उतरणारे बगळे. त्याला वाटायचं, रान आपण नांगरत नव्हतो, ते झोपेत कूस बदलत होतं.

मग पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघाली. रोख मजुरी, तीही आठवड्याच्या आठवड्याला. दत्तोबा गेला, चिमाजी गेला, मग मेंढरांसारखे एकामागून एक गेले. स्वतःची पेरणी उरकायची, भाकरीचं गाठोडं सायकलीला बांधायचं आणि सुट्टीलाच घरी उगवायचं, तेही अंथरुणावर पडायला. गावात उरल्या बायका, पोरं, बैल आणि हिंदुराव.

त्याच साली श्रावणात मुलाण्यांचा नवाब तापानं गेला. इंद्रायणीच्या काठी मळईचा, म्हणजे नदीच्या गाळाच्या जमिनीचा, एक पट्टा तो कुळानं कसायचा. मालक पुण्याचा. मागं राहिली ताजुन्निसा आणि तिची दोन लहान लेकरं. नवाबाच्या हिरव्या काठाच्या फेट्याची घडी करून तिनं फळीवर ठेवली आणि नवाब असतानाही जायची तशी दुसऱ्यांच्या खुरपणीला जाऊ लागली. दिवाळी झाली नि मालकाचा निरोप आला. कूळ वारलं, आता शेत कोण कसतंय? तुळशीचं लग्न झालं की मी येतो. रान पड दिसलं तर माझं मी ताब्यात घेईन.

ताजुन्निसा मंजुळाबाईच्या ओसरीला येऊन बसली. हिंदुराव तिथंच होता. तो कुठं नसायचा?

"काकू, ते रान गेलं तर मी लेकरं घेऊन कुठं जाऊ? माहेरी भाऊ हाय, पन भावजयीनं दारात पानीसुद्धा इचारलं न्हाई."

"रान जात न्हाई," मंजुळाबाई म्हणाली. "इर्जिक घालू."

"कुनाची, वैनी?" हिंदुरावानं विचारलं. "गडी कुठं हायेत?"

सुट्टीच्या दिवशी मंजुळाबाई दारोदार फिरली. दत्तोबा म्हणाला, काकू, पुढच्या सुट्टीला बघू. चिमाजी म्हणाला, अंग मोडून आलंय. एकानं तर झोपेतच मान हलवली. बांधावर येऊन तिनं नावानिशी हाका मारल्या, तर नदीपलीकडून तिचाच आवाज परत आला. हिंदुराव लांबून बघत होता. वहिनीला इतकी एकटी त्यानं कधी पाहिली नव्हती. टिंगल करायला आलेला तो तसाच पाराकडं वळला.

रान पड राहणार, हे आता ठरल्यासारखंच होतं. बाईनं पाभरीमागून बी सोडावं, खुरपावं, कापावं, मळावं. पण नांगराचं रुमणं मुठीत धरलं तर पाऊस रुसतो, ही समजूत बांधावरच्या दगडाइतकी जुनी. ती मोडली आणि पुढं पाऊस ताणला, तर गावानं त्या बाईला जगू दिलं नसतं.

त्यानंतरच्या एका सकाळची ही गोष्ट. हिंदुराव टमरेल घेऊन नदीकडं निघाला. कार्तिकातलं धुकं होतं. इंद्रायणीवरून उठून ते काठावर पसरलं होतं, आणि बाभळी त्यात कमरेपर्यंत बुडाल्या होत्या. झोप डोळ्यांत, पाय सवयीनं चाललेले. एक बरीशी बाभूळ निवडून तो बसला. तेवढ्यात घंटा वाजली. मग दुसरी. बैलाचं फुरफुरणं आलं, नांगर मातीतून सरकल्याची खसखस आली. म्हाताऱ्यानं मान वर केली.

मळईत नांगर चालले होते. मागं माणसं होती, धोतर नेसलेली, मुंडाशी बांधलेली, पण कुणी हाळी देत नव्हतं, खाकरत नव्हतं, बैलाला शिवी देत नव्हतं. निघोज्याचा गडी शिवी न देता नांगर धरील, हे हिंदुरावानं जन्मात पाहिलं नव्हतं. माणसं धुक्यातून यायची आणि धुक्यातच विरून जायची. एक दत्तोबाचं मुंडासं होतं, आणि दत्तोबा तर पिंपरीला. एक चिमाजीचं होतं, तोही पिंपरीला. मग सगळ्यात पुढचा नांगर वळला, आणि हिंदुरावाला हिरव्या काठाचा फेटा दिसला.

तो धोतर सावरत जो पळाला, तो पारावर येऊनच थांबला.

दुपारी मंजुळाबाई पारापाशी आली. हातात टमरेल होतं.

"भावजी, ह्ये तुमचं, मळईच्या बांधाला घावलं."

"वैनी, नवाब आला हुता." हिंदुरावानं टमरेलाला हातही लावला नाही. "रान नांगरत हुता. म्या डोळ्यांनी बघितला."

मंजुळाबाईनं टमरेल पारावर ठेवलं. "आसंल," ती म्हणाली. "बायकोचा जीव टांगणीला लागलाय म्हटल्यावर येईल न्हाईतर काय करील? आन् भावजी, कुनाला सांगू नगा."

हिंदुरावाला सांगू नको म्हणणं म्हणजे दवंडी पिटणं. हे मंजुळाबाईला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? दिवस मावळायच्या आत बातमी चाकणला पोचली, आणि सुट्टीला घरी आलेल्या दत्तोबाला त्याच्या बायकोनं, यशोदाबाईनं, तीच ऐकवली. तो खुंटीवर ठेवून गेलेल्या आपल्या मुंडाशाकडं बघत बसला. त्याला चिखल लागला होता.

"ह्ये कसं गं?"

"मला काय ठावं? तुमचंच भूत," यशोदाबाई म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

तुळशीचं लग्न झालं, मालक छकड्यातून आला. मळईत गव्हाचे कोंब वर आले होते, सकाळच्या उन्हात हिरवी साय धरल्यासारखे.

"नांगरलं कुणी?" त्यानं विचारलं.

"नवाबानं," हिंदुराव म्हणाला, अगदी मनापासून.

मालक हसला. गाडीवान चाकणचा, तो मात्र हसला नाही. त्यानं बैल माघारी वळवले आणि छकडं बांधाजवळ न्यायला साफ नकार दिला. मालक पायी निघाला. ताजुन्निसा लेकरू कडेवर घेऊन बांधावर उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "रान आमी कसतोय, मालक." कोंबांकडं, तिच्याकडं आणि परतीच्या वाटेवर उभ्या गाडीवानाकडं बघून मालक मागं फिरला. पुन्हा तो आला नाही. पुढं कुळकायद्यानं ते रान ताजुन्निसाच्या नावावर झालं.

पुढच्या साली पाऊस जरा उशिरा आला. गावातल्या काही बायका तेवढे दिवस फार मुक्या मुक्या वागल्या.

मंजुळाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा हिंदुराव तिच्या उशाशी बसायचा. बाहेर ताजुन्निसाचा गहू सोनेरी झाला होता, आणि वाऱ्याबरोबर त्याची सळसळ ओसरीपर्यंत यायची.

"वैनी, आता तरी खरं सांगा. नवाबच हुता न्हवं?"

"तुमी बघितला न्हवं?"

"बघितला की."

"मग मला कशापायी इचारता?" म्हणून तिनं डोळे मिटले. हसली असावी. हिंदुरावानं पुन्हा विचारलं नाही. सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

ती गेल्यावर, एकमेकींना विचारून, बायकांनीच ते सांगितलं. मळईत नवाब आला नव्हता. त्याचा फेटा ताजुन्निसानं बांधला होता. बाकीचे नांगर मंजुळाबाई, यशोदाबाई, चिमाजीची बायको छबूबाई आणि शालनबाई यांनी धरले होते. नवऱ्यांची धोतरं-मुंडाशी घातली होती, ती लांबून कुणी पाहिलं तर गडी वाटावेत म्हणून.